बारा सेंटीमीटर

लुबर्ट ड्राख्टची सकाळ आठ आकड्यांनी सुरू व्हायची. कॉफी उकळायच्या आत तो टॅबलेट उघडायचा, ते आठ आकडे टाकायचा आणि नकाशावर हिरवा त्रिकोण दिसेपर्यंत खुर्चीच्या टोकावर बसून राहायचा. त्रिकोण दिसला की म्हणायचा, "आहे."

"असणारच," त्याची बायको फेमिख्ये स्वयंपाकघरातून म्हणायची. "बुडली असती तर बातम्यांत आलं असतं."

त्रिकोण म्हणजे त्यांची बार्ज, कालव्यांतून माल वाहणारी लांबलचक बोट. म्हणजे आता त्यांची नव्हे. आमच्याकडे बार्ज विकली तरी तिचं नाव कुणी विकत नाही. विकणारा नावाची पाटी उतरवून घरी घेऊन जातो आणि घेणारा आपलं नाव देतो. लुबर्टच्या बार्जचं नाव होतं 'नोइट फोलमाक्ट', म्हणजे 'कधीच परिपूर्ण नाही'. दोन मीटर लांबीची ती ओक लाकडाची पाटी झ्वार्टस्लाउस गावच्या बांधावरल्या त्यांच्या छोट्या घरात सोफ्याच्या वर लागली, आणि तिच्यापायी भिंतीवरचं घड्याळ न्हाणीघरात गेलं. नव्या मालकांनी बार्जला नावच दिलं नाही, 'डब्ल्यू-१७' एवढंच लिहिलं. पण सांगाड्यावर ठोकलेला आठ आकडी नंबर जन्मभर बदलत नाही, आणि त्या नंबरावर लुबर्टला आपली बार्ज रोज सकाळी सापडायची.

तसा तो नव्याचा वैरी नव्हता. धक्क्यावरचे इतर म्हातारे टॅबलेट बघून नाकं मुरडायचे, तेव्हा हाच त्यांना झापायचा. "जलद्वारापाशी चार-चार तास धूर सोडत उभे राहायचात ते विसरलात काय रे? आता बार्ज निघतानाच द्वाराला कळतं. पाण्याची पातळी, पुलाखालची मोकळी जागा, सगळं मोजून हातात येतं. आपण काय करायचो? काठी बुडवायचो आणि देवाचं नाव घ्यायचो." खरंच होतं ते. नव्या कंपनीच्या बार्जांवर कप्तानसुद्धा नव्हता. तो शहरात एका ऑफिसात पडद्यांसमोर बसून एकाच पाळीत तीन बार्जा चालवायचा. बार्जवर एकच माणूस, तो दोर बांधायला आणि यंत्राकडे बघायला. लुबर्टला याचं कौतुकच होतं. आपल्या म्हातारीला पुन्हा जवानी आली, असं तो फेमिख्येला सांगायचा, आणि ती विचारायची की नेमकी कुठली म्हातारी.

तो जन्मला बापाच्या बार्जवर. सहाव्या वर्षी बार्जवाल्यांच्या मुलांच्या वसतिगृहात गेला आणि आईबापांना शनिवार-रविवारपुरता भेटत मोठा झाला. फेमिख्ये त्याला भेटली मालाच्या बाजारात, म्हणजे त्या मोठ्या खोलीत, जिथं कप्तान रांगेनं बाकांवर बसायचे आणि आपला नंबर आला की समोरचा माल उचलायचे. ती बापाच्या वतीनं आली होती. लुबर्टचा नंबर तिच्या आधी होता. त्यानं तो तिला दिला आणि खताची घाणेरडी खेप स्वतः घेतली. आयुष्यात केलेला सगळ्यात फायद्याचा सौदा, असं तो अजून सांगतो.

पंचवीस वर्षं दोघांनी मिळून बार्ज चालवली. मग फेमिख्येचे गुडघे गेले. सुकाणूच्या केबिनमध्ये खालून गार लोखंड, आणि तिला तिथं सहा-सहा तास उभं राहावं लागायचं. शहाण्णवच्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि बार्ज तीन आठवडे अडकून पडली. तेव्हा लुबर्टनं मेव्हण्याला, वॉल्टरला, बोलावलं. इंजिनाचं गरम पाणी नळ्यांतून केबिनच्या जमिनीखाली फिरवलं, वर लाकडी फरशी घातली. फेमिख्येनं त्या दिवशी बूट काढले आणि अनवाणी उभी राहून रडली. पण फरशी बारा सेंटीमीटर वर आली आणि लुबर्ट होता साडेसहा फुटांचा. तीन दिवसांत डोक्याला चार टेंगळं आल्यावर वॉल्टरनं खिडक्यांखाली केबिन कापली, मध्ये बारा सेंटीमीटरची पट्टी घातली, वरून रंग फासला आणि मटाराचं सूप पिऊन घरी गेला.

केबिन खाली-वर होणारी होती. पूल आला की ती पूर्ण खाली घ्यायची. कागदावर लिहिलं होतं: रिकामी बार्ज, केबिन खाली घेतलेली, पाण्यापासून उंची पाच मीटर बारा. आता ती होती पाच मीटर चोवीस. कागद बदलायचा तर सरकारी मोजणीदार आणायला हवा, बार्ज पाण्याबाहेर काढायला हवी, कामाचे दोन-तीन आठवडे जायला हवेत. उन्हाळ्यात करू, असं ठरलं. असे सत्तावीस उन्हाळे गेले. तपासणीला येणारे तळ ठोकून बघायचे. छपराकडे कोण बघतो? फेमिख्येनं मात्र समोरच्या खिडकीच्या चौकटीवर नखांच्या लाल रंगानं ठळक लिहून ठेवलं: +१२. पूल आला की दोघांपैकी जो सुकाणूवर असेल तो ते मोठ्यानं वाचायचा. पाणी चढलेलं असलं तर मालाच्या रिकाम्या खणात पाणी भरून बार्ज खाली बसवायची आणि मग जायचं. सत्तावीस वर्षांत एकदाही ओरखडा पडला नाही.

बार्ज विकायची ठरली तेव्हा लुबर्टनं मनाशी पक्कं केलं होतं, की हे सोबतीच्या फेरीत सांगायचं. आमच्याकडची ही रीतच आहे. विकणारा पहिली फेरी घेणाऱ्यासोबत करतो, त्याच्या टेबलावर जेवतो, आणि कागदावर येत नाही ते सगळं त्या फेरीत सांगतो. वारा डावीकडून असला की ती कशी हट्ट करते, पंप कुठं लाथ मारली की चालू होतो, आणि आपण कुठं कुठं चोरी केली आहे. या फेरीत कुणी कुणाला लाजवत नाही. लुबर्टच्या बापानं असंच ऐकलं होतं, लुबर्टनंही.

कंपनीची माणसं आली. पांढऱ्या बुटांतल्या इंजिनिअर पोरीनं बार्जवर कॅमेरे कुठं बसवायचे ते बघितलं, विम्याच्या माणसानं कागद बघितले, सह्या झाल्या. लुबर्टनं विचारलं, "मग सोबतीची फेरी कधी करायची? मी बॅग भरून ठेवलीय."

पोरगी गोड हसली. "त्याची गरज नाही हो. बार्जची सगळी माहिती फाइलीतून आमच्याकडं आलीय."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण विम्याचा माणूस पेनाचं टोपण लावत तिथंच उभा होता, आणि आत्ताच आपण त्याच्यासमोर पाच मीटर बारावर सही केली होती. लुबर्टच्या जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. म्हणाला, "बरं." संध्याकाळी फेमिख्येनं विचारलं तेव्हाही तो म्हणाला, "खिडकीवर लिहिलंय की. वाचतील."

कंपनीच्या माणसांनी चौकट थिनरनं पुसून तिथं पडदा बसवला होता. हे लुबर्टला जुलैत कळलं. त्रिकोण झ्वार्टस्लाउसकडे येताना दिसला, तसा तो सायकल काढून जलद्वारापाशी गेला. बार्जवर चाळिशीचा एक दणकट माणूस दोर गुंडाळत होता. ओडर नदीकाठचा पोलिश, नाव बोगुमिल. बार्जवाल्यांची जर्मन-डच खिचडी छान बोलायचा.

"ही तुमची होती?" बोगुमिलचा चेहरा उजळला. "मग ती गरम जमीन तुम्हीच केलीत! कप्तान, मी रात्रंदिवस तिथंच असतो. तिथंच जेवतो, तिथंच पाठ टेकतो. खालची खोली फक्त कपड्यांना दिलीय."

"बायकोच्या गुडघ्यांसाठी केली होती."

"तिला सांगा, आता माझ्या गुडघ्यांना ऊब देते." मग तो जरा थांबून म्हणाला, "एक सांगू? या बार्जला कुणी हात करत नाही. काठावरची पोरं नाहीत, समोरून येणारे बार्जवालेसुद्धा नाहीत. कप्तान नाही म्हणजे आत माणूसच नाही, असं वाटतं सगळ्यांना. दिवस दिवस जातो."

लुबर्टला ते लागलं. पाण्यावर माणूस माणसाला हात करतो. तेवढंच तर असतं. "मी करीन," तो म्हणाला. "मी कुठंही दिसलो तर तुला हात करीन. कबूल."

मग त्यानं चौकटीबद्दल विचारलं आणि थिनरचं ऐकलं. तो सांगणार होता. पण तेवढ्यात द्वारं आपोआप उघडली, बार्ज आपोआप हलली, आणि बोगुमिल दोर सोडायला धावला. ही मोठ्या नदीवरच तर असते, तिथले पूल आभाळाएवढे, लुबर्टनं स्वतःची समजूत घातली. पुढच्या वेळी सांगू.

ऑक्टोबरात एका मंगळवारी त्रिकोण नदी सोडून कालव्यात शिरला.

लुबर्टनं नकाशा मोठा केला. त्या कालव्यावर पशुखाद्याची गिरणी आहे, आणि गिरणीच्या अलीकडे वेल्डहाउझरचा जुना लोखंडी पूल. मक्यानं भरलेली बार्ज पाण्यात खोल बसते, ती सहज गेली. पण उद्या ती रिकामी होऊन परतणार होती, म्हणजे हातभर-दोन हात वर उचलली जाऊन. आठ दिवस पाऊस चालू होता. त्यानं टॅबलेटवर पुलाची मोकळी उंची काढली: पाच मीटर बावीस.

"यंत्राच्या हिशोबानं दहा सेंटीमीटर जागा आहे," तो म्हणाला. "आणि खरं म्हणजे दोन सेंटीमीटर कमी आहे."

फेमिख्येनं हातातला पाव खाली ठेवला. "तो पोलिश माणूस केबिनमध्येच असतो म्हणालास ना?"

"हो."

"मग फोन लाव. आणि खरं सांग. सत्तावीस वर्षं मी ते मोठ्यानं वाचलंय, तू एकदा वाच."

कंपनीत योरिट नावाच्या एका तरुणानं फोन घेतला. तो अगदी शांतपणे सगळं ऐकत होता, हेच लुबर्टला जास्त जड गेलं.

"म्हणजे तुम्ही बार्जचे आधीचे मालक. आणि तुमचं म्हणणं, विक्रीच्या वेळी तुम्ही सही केलेला आकडा खोटा आहे?"

लुबर्टनं फेमिख्येकडे बघितलं. "हो. खोटा आहे."

"बरं. मी नोंद करून घेतो. पण उंचीचा रकाना मला उघडता येत नाही, तो फक्त सरकारी मोजणीदाराच्या दाखल्यावर उघडतो. पूर्वी कुणीही फोन करून काहीही बदलायचं, म्हणून कुलूप घातलंय."

"रकाना राहू दे. बार्ज थांबवा."

"कुणी आधीच्या मालकानं फोन केला म्हणून मला बार्ज थांबवता येत नाही, ड्राख्ट साहेब. गेल्या महिन्यात असे दोन आले होते. एकाला नुसती आपल्या बार्जची आठवण येत होती." मग तो ओशाळला. "तुमचं तसं नाही, कळतंय मला. तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर येईल."

"उद्या दुपारी ती पुलाखाली असेल."

"मी तातडीचं म्हणून टाकतो."

लुबर्टनं कालव्याच्या कार्यालयात फोन केला. ते म्हणाले, पूल उघडणारा नाही, म्हणून त्याच्यावर आमचा माणूस नाही. बार्जनंच आपली उंची बघायची असते. गिरणीत फोन केला, तर तिथं यंत्र बोललं. बार्जवरचा जुना वायरलेस त्यानं बार्जसोबतच दिला होता आणि बोगुमिलचा नंबर घ्यायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. जन्मभर ज्या पाण्यावर त्यानं हाक मारली की दहा जणांनी ओ दिली, तिथं आता त्याला कुणाला हाक मारावी तेच कळेना. त्या रात्री त्यानं फेमिख्येला तीनदा उठवून तेच तेच विचारलं, आणि तिनंही तिन्ही वेळा तेच सांगितलं: सकाळी गाडी काढ, गिरणीत जा, त्याला हाताला धरून खाली उतरव.

ते सकाळी निघाले. अकराला गिरणीत पोचले, तर धक्का रिकामा होता. फाटकावरचा माणूस म्हणाला, "नवी क्रेन लावलीय ना, दोन तास आधीच काम आटोपलं. पोहोचली असेल बघा वेल्डहाउझरला."

लुबर्टनं गाडी अशी हाणली की फेमिख्येनं दाराची कडी धरली. पुलावर गाडी तिरकी उभी केली आणि तो कठड्याकडे धावला. बार्ज सरळ, संथ, नीट मधोमध येत होती. कॅमेरे पुढच्या टोकाला होते, आणि पुढचं टोक बुटकं असतं. सगळ्यात उंच केबिन, ती मागे, ऐंशी मीटरवर.

फेमिख्येचा लाल रेनकोट घेऊन तो दोन्ही हातांनी हलवू लागला. "थांब!" तो ओरडला. "बोगुमिल! बाहेर ये! थांब!" पावसात, बंद काचांमागे कोण ऐकणार? त्यानं रेनकोट हलवला, हात हलवले, उड्या मारल्या. बार्जनं एक लांब भोंगा दिला. शहरातल्या त्या कप्तानाला पडद्यावर पुलावरचा एक म्हातारा हात करताना दिसला होता, आणि हात करणाऱ्याला भोंगा द्यायचा, ही रीत तो बिचारा विसरला नव्हता.

पुढचं टोक पायांखालून गेलं. लुबर्ट हात हलवतच राहिला. मग केबिनच्या काचेमागे, खालून, एक माणूस उठून उभा राहिला. त्यानं म्हाताऱ्याला ओळखलं होतं. तो हसला, आणि त्यानं हात वर केला.

आवाज फार मोठा झाला नाही. पत्रा चुरगळल्याचा, आणि मग काचांचा. बार्ज आणखी दोनशे मीटर जाऊन आपोआप थांबली.

तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी, सांगितल्याप्रमाणे, उत्तर आलं: आपली सूचना दखलपात्र आहे, मोजणी होईपर्यंत ही बार्ज कमी उंचीच्या पुलांखालून नेली जाणार नाही. चौकशीचा कागद आला, त्यात कारण लिहिलं होतं, आधीच्या मालकानं दिलेली चुकीची उंची. लुबर्टनं सही केली. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. कंपनीनं केबिनमधून वॉल्टरची पट्टी कापून काढली, नळ्या आणि फरशी उपसली, आणि बार्ज मोजली तेव्हा ती बरोबर पाच मीटर बारा भरली. कागद बदलण्यापेक्षा बार्ज बदलणं सोपं गेलं.

लुबर्ट सकाळी टॅबलेट उघडेनासा झाला.

नोव्हेंबरच्या अखेरीस दारावर थाप पडली. बोगुमिल होता. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, अंगावर कुणीतरी दिलेला मोठा कोट. इस्पितळातून सुटला होता आणि गावी चालला होता. एका डोळ्याच्या माणसाला बार्जवर काम नाही. घरी भाऊ बटाटे लावतो, तिथं बघू, म्हणाला. बस यायला तासभर अवकाश होता. जलद्वारापाशी विचारत विचारत त्यानं घर काढलं होतं.

फेमिख्येनं कॉफी दिली, आणि डब्यातून एकच बिस्किट काढायच्या आमच्याकडच्या रीतीला फाटा देऊन सगळा डबाच त्याच्यापुढं ठेवला.

"तुमचे आभार मानायला आलो, कप्तान," बोगुमिल म्हणाला. "तुम्ही शब्द पाळलात. गरम जमिनीवर आडवा पडलो होतो मी, झोपच लागत होती. भोंगा वाजला म्हणून मान वर केली, तर पुलावर तुम्ही. लाल कापड घेऊन. पावसात. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं. म्हटलं, झोपून कसं चालेल, उठून हात करायला हवा."

फेमिख्येच्या हातातली किटली तशीच राहिली.

"डॉक्टर म्हणतात, पडून राहिलो असतो तर काहीच झालं नसतं," तो म्हणाला. "पण ते कुणाला माहीत असतं?"

"मला," लुबर्ट म्हणाला. "मला माहीत होतं. ते बारा सेंटीमीटर माझे होते. मी तुला थांबवत होतो, बोगुमिल. हात करत नव्हतो. तुला जुलैतच सांगणार होतो, आणि नाही सांगितलं."

बोगुमिलनं एका डोळ्यानं त्याच्याकडे बघितलं. मग त्याची नजर सोफ्याच्या वरच्या पाटीवर गेली, तिथून खाली स्वतःच्या पायांकडे. रागावला असता, कप फेकला असता, तर लुबर्टला काही करता तरी आलं असतं. त्यानं कॉफी संपवली, कप बशीत नीट ठेवला आणि विचारलं, "बस किती वाजता आहे म्हणालात?"

"दहा मिनिटांत," फेमिख्ये म्हणाली. तिनं पिशवीत पाव बांधून दिला. त्यानं तो घेतला. दारात लुबर्टशी हात मिळवला.

बस बांधावरून घरासमोरूनच जाते. दोघं खिडकीत उभी होती. बस आली, मागच्या काचेत ती पांढरी पट्टी दिसली, आणि बोगुमिलनं हात वर केला. सवयीनं केला, की मुद्दाम, ते कळायला मार्ग नव्हता.

"कर ना रे," फेमिख्ये हळूच म्हणाली. "तो करतोय."

लुबर्टनं खिडकीची चौकट घट्ट धरून ठेवली होती. बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी त्याचा हात तिथून सुटला नाही.